शिडाच्या बोटीला इंजिन

काही लोकांच्या घरी जुने नटबोल्ट साठतात, तसे आमच्याकडे त्या इंजिनाचे किस्से साठलेत. टाकून द्यावेत तर टाकवत नाहीत, आणि कामाला तर एकही येत नाही. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दहाव्याला, नगरच्या स्टँडवर चहा पिताना, कुठंही आमच्यातले दोघं भेटले की तिसऱ्याला फोन लागतो आणि इंजिनाचा विषय निघतो. बाकीचे पोट धरून हसतात. मला मात्र अजून राग येतो! मी सुप्याच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं मेंटेनन्सला काढली. मशीनशी कुणी वेडंवाकडं वागलं की माझं डोकं सटकतं, आणि या इंजिनाशी धड वागलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आधी माणसं सांगतो. सर म्हणजे आमचे शाळेतले विज्ञानाचे सर. तरुणपणी एनसीसीच्या कुठल्याशा कॅम्पात ते शिडाची बोट चालवायला शिकले होते, आणि ते वेड निवृत्तीनंतर उफाळून आलं. पुण्याकडच्या एका क्लबाने मोडीत काढलेली चौदा फुटी फायबरची बोट त्यांनी उसाच्या ट्रॉलीत घालून आणली. नेवाशाच्या पुढं बबनचा ऊस जिथं संपतो तिथं धरणाचा फुगवटा सुरू होतो, तिथं ती ठेवली. बबन आमच्याच वर्गातला. विलासही. तो जनावरांचा डॉक्टर झाला, म्हणून त्याला सगळे नुसतं डॉक्टरच म्हणतात. आणि मी, दत्ता. पन्नाशीला टेकलेल्या आम्हा तिघांना सरांनी पुन्हा विद्यार्थी केलं. शीड कसं चढवायचं, सुकाणू कसं धरायचं, वारा कुठून येतो ते गालावर कसं ओळखायचं, सगळं शिकवलं. दर रविवारी आम्ही पाण्यावर असायचो.

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात अर्धाच आला. शिडाची दोरी त्या हातात टिकेना. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, बोट विकायचीच असं ठरवून टाकलं. आम्ही तिघं जाऊन अक्षरशः त्यांच्या पाया पडलो, तेव्हा त्यांनी अट घातली. बोटीला इंजिन बसवायचं, शीड गुंडाळून ठेवायचं, आणि बरोबर कुणीतरी कायम हवं. इंजिन पाण्यात बंद पडलं असं एकदा जरी कानावर आलं, तर बोट त्याच आठवड्यात जाईल.

सर शेजारीच बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

तर असं ते इंजिन मुंबईकडून सेकंडहँड आणलं. चार हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक. बोटीच्या मागच्या फळीला दोन क्लॅम्पनी आवळायचं, खाली पाण्यात पंखा फिरतो, बोट पुढं जाते. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. बिघडवणारे आम्ही होतो.

*

इंजिन आलं आणि चारच दिवसांनी खंडेनवमी होती. बबनने ट्रॅक्टर धुतला, फवारणीचा पंप धुतला, विळे-कोयते मांडले आणि इंजिनही त्या ओळीत बसवलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. फॅक्टरीत आम्हीही मशीनची पूजा करतो. पण मी पोचलो तेव्हा, गार पाणी आत खेचायला जी बारीक भोकं असतात, ती सगळी हळदीकुंकवाने लिंपून टाकलेली होती. मी सुई घेऊन एकेक भोक कोरत बसलो. तेवढ्यात पंख्याकडे लक्ष गेलं. एका पात्याचं टोक उडालेलं!

बबनने नारळ पंख्यावर फोडला होता.

अख्ख्या शिवारात तुला फोडायला दुसरं काही मिळालं नाही का, असं मी ओरडून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "काळं रान हाय दत्ता. दगड हुडकला तर सापडतो का हितं?"

आणि वर त्याने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो खाल्ला. कितीही राग आला तरी प्रसाद नाकारता येत नाही, हे त्या लबाडाला बरोबर माहीत होतं. पुढे मी कानस घेऊन बाकीची पाती त्या मोडक्या पात्याच्या मापाला आणली. तेव्हापासून इंजिन थरथरतं. बबनचं म्हणणं, ते पहिल्यापासूनच थरथरत होतं.

*

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं. किती लिटरला किती, ते मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून बबनच्या शेडमध्ये टांगलं होतं. वाचता येणाऱ्या माणसांसाठी एवढं पुरायला हवं.

एका रविवारी मला उशीर झाला. डॉक्टरने फोनवर सांगितलं की काळजी करू नकोस, मी मिसळून ठेवलंय. मी पोचलो, दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि मागून असा पांढरा धूर निघाला की बोट दिसेना. बबन दिसेना. पलीकडच्या काठावरून बबनच्या साडूचा फोन आला की तुझा ऊस पेटलाय का!

मी डॉक्टरचा डबा हातात घेतला. आत बोट बुडवून बघितलं तर पाण्यासारखं नितळ, वास नाही, रंग नाही. बैलाचं पोट गच्च झालं की पाजतात ना, ते लिक्विड पॅराफिन! याच्या गाडीच्या डिकीत पंधरा डबे असतात, त्यातल्या एकाही डब्याला लेबल नसतं, आणि हा माणूस औषधं देतो. मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. सर अजून बोटीत चढायचे होते म्हणून बरं. मधोमध गेल्यावर इंजिन गेलं असतं तर त्याच आठवड्यात बोट विकली गेली असती, हेही मी त्याला ऐकवलं.

सगळं ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाला, "जास्तीत जास्त काय होईल रे? पोट साफ होईल."

मी दोन दिवस रजा टाकून कार्ब्युरेटर उघडला.

*

याच डॉक्टरच्या पुतण्याचं प्री-वेडिंग शूट. फोटोग्राफर नगरहून आला, ड्रोन-बिन घेऊन. त्याला शीड उघडलेलं हवं होतं, बोट पळताना हवी होती, आणि इंजिन मात्र दिसायला नको होतं. मे महिना, भर दुपार, वाऱ्याचा पत्ता नाही. मी नाही म्हणालो. डॉक्टरने घरच्या कार्याची शपथ घातली. शेवटी इंजिनावर आणि माझ्यावर मिळून एक पांढरी चादर टाकली, आणि मी आत पेट्रोलच्या वासात कुबड काढून बसलो.

आता हे शेंबड्या पोराला कळेल. वारा नसताना बोट इंजिनाने पुढं नेली की शीड मागं फुगणार. ते मागंच फुगलं. फोटोग्राफर काठावरून ओरडत होता की शीड पुढं फुगवा. मी चादरीतून ओरडत होतो की तू ये आणि फुंकर मार. मग बबनने अक्कल चालवली. डाळिंबाच्या फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून त्याने काठावर आणला आणि सोडला वारा. वारा आला खरा, पण त्याच्याबरोबर टाकीत उरलेलं औषधही आलं. नवरीने किंचाळून तोंड झाकलं, शिडाचा आडवा दांडा गर्रकन फिरला आणि नवऱ्याचा फेटा पाण्यात गेला.

लग्नपत्रिकेवर तोच फोटो छापला. शीड उलटं, नवरदेव बोडका, आणि मागे चादरीतलं भूत म्हणजे मी.

यावर सगळे हसतात. मला त्या दिवशीचं वेगळंच आठवतं. सर काठावर खुर्ची टाकून बसले होते. झटका आल्यापासून ते शीड त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं होतं, तेही या तमाशासाठी. थोड्या वेळाने बघितलं तर खुर्ची रिकामी. सर उसाच्या कडेने पाठमोरे चालत निघाले होते. मी चादर भिरकावली आणि डॉक्टरच्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या. पण चादरीत बसायला कबूल मीच झालो होतो.

*

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक बारीक स्क्रू असतो. तो ढिला केला नाही तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि इंजिन दहा मिनिटांत घुसमटून बंद पडतं. हे मी बबनला तीन वेळा समजावलं होतं. तिन्ही वेळा त्याने मान डोलावली होती.

त्या रविवारी मी आणि सर दोघंच निघालो. बरोबर दहा मिनिटांनी, मधोमध, इंजिन गचकलं. मी प्लग बघितला, पाईप बघितला, मग झाकणावर हात गेला. स्क्रू आवळलेला. नुसता आवळलेला नाही, पकडीने आवळलेला! बोटांनी हलेना. पक्कड काठावर.

मी घामाघूम होऊन त्या स्क्रूशी झटत होतो. सर वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. ते म्हणाले, "दत्ता, वारा चांगलाय. शीड उघड."

मी आधीच पेटलेलो. बबनवर, डॉक्टरवर, काकूंच्या अटीवर. आणि मी म्हणालो, "सर, तुम्ही जरा गप्प बसा."

ज्या माणसासमोर शाळेत कधी मान वर केली नव्हती, त्याला मी असं बोललो. सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पाण्याकडे बघत राहिले. मी वल्हं काढलं आणि पाऊण तास वल्हवत राहिलो, डोक्यावर गुंडाळलेलं शीड आणि समोर तो वारा. माफी मागायची म्हणून तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं.

काठावर बबन वाट बघत उभा होता. चेहरा फुललेला. त्याने आल्या आल्या विचारलं, "व्हय रं, त्या स्क्रूनं पेट्रोल उडून जातं बग. म्या आवळलाय. वाचलं का न्हाई?"

मी वल्हं त्याच्या अंगावर फेकलं. लागलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. घरी गेल्यावर काकूंनी विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं की मस्त चक्कर झाली, इंजिन एकदम बेस्ट आहे. तो माणूस आमच्यासाठी खोटं बोलला, आणि मी त्याला गप्प बसा म्हणालो होतो. त्या दिवसाचा राग मात्र माझा माझ्यावरच आहे.

*

यानंतर इंजिन पाण्यात पडलं.

ते पडणारच होतं. मी सुप्याला ड्युटीवर होतो. डॉक्टरला चक्कर मारायची हुक्की आली आणि त्याने इंजिन स्वतः बसवलं. क्लॅम्प आवळले म्हणजे काय केलं, तर बाटलीचं झाकण लावतात तसे फिरवले. गिअर टाकल्याबरोबर इंजिनाने उडी मारली आणि काठापासून वीस हातांवर गेलं तळाला. कचरूभाऊ म्हणून तिथं एक मासेमारी करणारे आहेत, त्यांनी गळ टाकून दोन तासांनी ते वर काढलं, डॉक्टरच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्यो मासा आमच्यात कुनी खात न्हाई."

मला फोन आला. मी स्वच्छ शब्दांत सांगितलं. इंजिनाला हात लावू नका, चांगल्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा, मी येऊन उघडतो. पाण्यातून काढलेलं इंजिन हवेत ठेवलं की गंजतं. फोन ठेवल्यावर दोघांनी विचार केला. त्यांचं मत पडलं की पाण्यात पडलेल्या वस्तूला पुन्हा पाण्यात ठेवायला दत्ताला वेड लागलंय. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, हे बबनला माहीत होतं. इंजिनाला पुरेल एवढा तांदूळ घरात नव्हता. म्हणून त्याने ते गव्हाच्या कोठीत पुरलं!

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा कोठीतून नुसतं हँडल वर दिसत होतं. सिलेंडरमधून मी मूठभर गहू काढला. भिजून टम्म फुगलेला. बबनच्या घरी त्या वर्षी पोळी तोंडाजवळ नेली की पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखं वाटायचं, आणि त्याच्या बायकोने त्याला जे ऐकवलं त्याने माझं अर्धं समाधान झालं.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. मी पोचायच्या आधी दुपारीच काकू बबनकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. कोठीतलं हँडल बघून त्यांनी विचारलं आणि बबनच्या बायकोने सगळं सांगून टाकलं. पडलेलं, काढलेलं, आणि त्याआधी मधोमध बंद पडलेलंही. काकूंनी वाण घेतलं आणि तडक घरी गेल्या.

आम्ही तिघं आठवडाभर बोट विकल्याच्या बातमीची वाट बघत होतो. मी रोज ड्युटीवरून येऊन इंजिन उघडायचो, पुसायचो, जोडायचो. शनिवारी काकूंचा मला फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या की उद्या मी स्वतः बोटीत बसणार आहे.

*

काकू आल्या त्या पदर खोचून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या. बोटीत पाय ठेवायची त्यांची पहिलीच वेळ. सर मध्ये डोलकाठीपाशी बसले, मी मागे इंजिनावर, काकू माझ्या शेजारी. डॉक्टर आणि बबनला मी काठावरच ठेवलं आणि कशालाही हात लावलात तर तुमचे हात तोडीन, असं बजावलं.

काकूंनी शाळा तपासायला आल्यासारखं सगळं विचारलं. टाकी कुठली, गिअर कुठला, हे लाल काय. लाल म्हणजे इंजिनाला अडकवलेली एक क्लिप असते आणि तिला लाल दोरी. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटाला बांधायचं. माणूस पाण्यात पडला की क्लिप ओढली जाते, इंजिन जागच्या जागी बंद पडतं, आणि क्लिप नसेल तर दिवसभर दोरी ओढली तरी ते सुरू होत नाही. मी हे अगदी सविस्तर सांगितलं, जरा ऐटीतच. ती दोरी मनगटाला बांधायला मात्र विसरलो. ती तशीच लोंबत राहिली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काय वाजत होतं! मी त्या आठवड्यात त्याचा स्क्रू न् स्क्रू हाताखालून घातला होता. सर पुढं बघत होते, काकू पाण्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं की वाचली बोट.

बरोबर मधोमध ते बंद पडलं.

मी दोरी ओढली. वीस वेळा ओढली. प्लग काढला, पुसला, घातला. हवेचा स्क्रू बघितला, तो ढिला होता. बबनला फोन लावून मी त्याची आई-माई काढली. डॉक्टरला फोन लावला तर त्याने मुलांची शपथ घेतली की मी आज डब्याला शिवलोही नाही. मी पुन्हा ओढली. तळहाताची सालं निघाली. काकूंकडे बघायची माझी हिंमत नव्हती. सगळं संपलं होतं, आणि संपवलं होतं आम्ही तिघांनी.

काकू बोलल्या, पण माझ्याशी नाही. डोलकाठीकडे हात करून त्या सरांना म्हणाल्या, "अहो, तुम्हाला येतं ना हे?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग उठले. डाव्या हाताने त्यांनी शिडाच्या गाठी सोडल्या. मी मदतीला उठलो तर काकूंनी मला खाली बसायला सांगितलं. सर डाव्या हाताने दोरी ओढायचे, ओढलेली पायाखाली दाबायचे, पुन्हा ओढायचे. वेळ लागला. शीड वर गेलं.

सुकाणू त्यांनी डाव्या हातात घेतलं आणि मला म्हणाले, इंजिन वर उचल. शिडाची दोरी उजव्या हातात धरायची असते. ती त्यांनी काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती तळहाताला गुंडाळली. सर म्हणाले, "गुंडाळू नकोस. नुसती धर. मी सांगेन तेव्हा ओढ, सांगेन तेव्हा सोड."

शीड भरलं. बोट एका अंगावर कलली. मला वाटलं काकू ओरडतील. त्यांनी पाय समोरच्या कडेला रोवले आणि दोरी ओढली. ओढ, सोड, अजून थोडी सोड, बास. सरांचा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दोनदा वळण घेऊन त्यांनी बोट बबनच्या बांधाला अशी अलगद आणून लावली की काठावरच्या दोघांना पाण्यात उतरावंही लागलं नाही. मी मागे त्या मेलेल्या इंजिनाला धरून सामानासारखा बसून होतो.

काकू उतरल्या. निऱ्या पिळल्या. सरांना म्हणाल्या की पुढच्या रविवारी जरा लवकर निघू, ऊन फार लागतं. सर नुसते हसले.

माझं डोकं अजून तापलेलंच होतं. बबन आणि डॉक्टरला मी सांगत होतो की आता हे इंजिन शेवटच्या वॉशरपर्यंत खोलतो, आणि यात तुमच्यापैकी कुणाची करामत निघाली तर बघा. तेवढ्यात काकूंनी पिशवी उघडली आणि आतून एक लाल दोरी काढून माझ्या हातावर ठेवली. क्लिपसकट.

मी त्या दोरीकडे बघतच राहिलो.

"असा काय बघतोस दत्ता?" काकू म्हणाल्या. "तूच नाही का सांगितलंस, हे ओढलं की बंद पडतं म्हणून."